चौकोनाचं बटण दाबलं, आणि काहीच झालं नाही

आईला व्हिडिओ गेममधलं काही कळत नाही. कंट्रोलरला ती अजून रिमोटच म्हणते. मी ‘गॉड ऑफ वॉर’ खेळत होतो त्या दिवसांत ती शेजारी बसून भाजी निवडायची आणि अधूनमधून पडद्याकडे बघायची. एका रात्री मी खेळ अर्ध्यात सोडून झोपलो. सकाळी चहा गाळताना तिचा पहिला प्रश्न, "काय रे, ते पोर शुद्धीवर आलं का?"

ते पोर म्हणजे अ‍ॅट्रियस. क्रेटोस नावाच्या दाढीवाल्या, रागीट, मोजकं बोलणाऱ्या बापाचा मुलगा. खेळणारा बापाच्या भूमिकेत असतो, मुलाला संगणक चालवतो. म्हणजे आईला ज्याच्या तब्येतीची काळजी लागली होती तो मुळात एक प्रोग्राम, त्यावर कुणाचा तरी आवाज आणि बरंचसं चित्रकाम. मला हे ठाऊक होतं. तरी जाग आल्यावर माझ्याही मनात आधी तेच आलं होतं, हे मी तिला सांगितलं नाही.

असा जीव लागतो कसा, आणि लागावा म्हणून गेम बनवणारे नेमकं काय करतात, ते या लेखात बघू. पुढे काही गेमची गुपितं फुटणार आहेत. चालणार नसेल त्यांनी आधी खेळून यावं.

गेमच्या भाषेत अशा पात्राला कंपॅनियन म्हणतात. आपण सोबती म्हणू. तो तुमच्याबरोबर वावरतो, पण तुमच्या बटणांवर थेट चालत नाही. गेममधला शत्रू मिनिटभर दिसतो आणि मरतो, दुकानदार एका जागी उभा असतो. सोबती मात्र पंधरा-वीस तास डोळ्यांसमोर असतो, त्यामुळे त्याचं वेडंवाकडं सगळं दिसतं. शत्रू भिंतीवर आपटला तर हसू येतं. सोबती आपटला तर डोकं फिरतं.

सायबर कॅफेत तासाच्या पैशांवर ‘सॅन अँड्रियास’ (२००४) खेळलेल्या पिढीला बिग स्मोक हा साथीदार आठवत असेल. ट्रेनचा पाठलाग. मोटारसायकल तुम्ही हाकायची, मागे बसून ट्रेनच्या टपावरच्या माणसांना त्याने टिपायचं. नेम त्याचा चुकतो, ट्रेन निघून जाते, आणि वर तोच तुम्हाला सुनावतो की तुला साधं ट्रेनच्या मागे जायचं होतं! तो संवाद आता जगभर विनोद म्हणून फिरतो, पण त्यामागची चीड खरी आहे. चूक त्याची, शिक्षा माझी. ‘रेसिडेंट ईव्हिल ४’मध्ये (२००५) अ‍ॅश्ली नावाच्या मुलीला सांभाळून न्यायचं असतं. तिला बहुतेक वेळा दोनच गोष्टी सांगता येतात: थांब, नाहीतर मागे ये. शत्रू तिला खांद्यावर टाकून पळतात आणि दाराबाहेर गेले की खेळ खलास. खेळणाऱ्यांच्या जगात असल्या कामाला ‘एस्कॉर्ट मिशन’ म्हणतात, आणि तो शब्द बहुतेकदा कपाळाला आठ्या घालूनच उच्चारला जातो.

तेव्हा जीव लावण्याआधी सोबत्याने शिकायची गोष्ट म्हणजे आड न येणं. वाटतं तितकं ते सोपं नाही. गेममधल्या जमिनीवर न दिसणारी एक जाळी अंथरलेली असते. जिथे पाय ठेवता येतो तिथे जाळी, जिथे भिंत किंवा दरी तिथे भोक. त्या जाळीवरून संगणक जवळचा रस्ता काढतो. आता "खेळणाऱ्याकडे जा" असं सांगितलं तर तो रस्ता खेळणाऱ्याच्या अंगावरच येऊन संपतो. म्हणून सोबत्याला खेळणारा आत्ता कुठे आहे यापेक्षा कुठे निघालाय याचा अंदाज बांधावा लागतो. थोडं बाजूला चालायचं, पण कॅमेऱ्यात दिसत राहायचं. दार दिसलं की त्यात उभं राहायचं नाही. ‘स्कायरिम’मधली (२०११) लिडिया हे शेवटचं कधी शिकली नाही. अरुंद दारात ती अशी ठाण मांडून उभी राहायची की बाहेर पडायची सोय नाही. सामान दिलं की म्हणायची, तुमची ओझी वाहण्याची मी शपथ घेतली आहे. सूर मात्र रविवारी सकाळी दळण आणायला पाठवलेल्या मुलासारखा. लोकांचा लिडियावर जीव जडला त्यात त्या सुराचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं.

नॉटी डॉग कंपनीच्या ‘द लास्ट ऑफ अस’मध्ये (२०१३) यावर सरळसरळ लबाडी केली आहे. जोएल हा अधेड माणूस आणि एली ही चौदा वर्षांची मुलगी लपतछपत उद्ध्वस्त शहरांतून जातात. तुम्ही लपलेले असताना एली शत्रूच्या नाकासमोरून पळत गेली तरी शत्रूला ती दिसत नाही. नीट बघितलं तर हे हास्यास्पद आहे. पण दुसरा पर्याय काय होता? तिच्या चुकीने तुम्ही पकडले गेलात की दोन-तीन वेळातच तुम्ही तिचा राग करायला लागणार. तेव्हा शत्रू आंधळे केलेले बरे. त्याच वर्षीच्या ‘बायोशॉक इन्फिनिट’मध्ये तर गेम तुम्हाला सांगूनच टाकतो की लढाईत एलिझाबेथला सांभाळावं लागणार नाही. उलट गोळ्या संपत आल्या की तीच हाक मारून तुमच्याकडे दारूगोळा फेकते, मधूनच सापडलेलं नाणं उडवते. सांभाळायचं ओझं होतं ते पात्र आता देणारं झालं.

त्रास न देणारा सोबती सहन होतो. हवाहवासा व्हायला अजून काहीतरी लागतं, आणि ते बोटांमधून येतं.

‘इको’ (२००१) या जपानी गेममध्ये शिंगं असलेला एक मुलगा आणि योर्डा नावाची मुलगी किल्ल्यातून पळायचा प्रयत्न करतात. दोघांना एकमेकांची भाषा कळत नाही, त्यामुळे गप्पांनी मैत्री व्हायचा प्रश्नच मिटला. एक बटण दाबून धरलं की मुलगा तिचा हात धरतो. बटण सोडलं की हात सुटतो. धरून पळताना ओढ बसली की कंट्रोलर थरथरतो. गेमभर तुमचं बोट त्या बटणावर असतं. फुमितो उएदा या दिग्दर्शकाने नातं दाखवण्याऐवजी ते तुमच्या तर्जनीत नेऊन ठेवलं. ‘हाफ-लाइफ २: एपिसोड वन’मध्ये (२००६) अंधारात विजेरी तुमच्या हातात असते आणि अ‍ॅलिक्सच्या हातात बंदूक. तुम्ही ज्याच्यावर उजेड पाडाल त्याला ती टिपते. आपल्याला तिची गरज आणि तिला आपली, हे एकही वाक्य न बोलता कळतं.

पडद्यामागे मात्र हिशेबाची वही असते. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी जरा खट्टू झालो होतो. पोकेमॉनच्या गेममध्ये प्रत्येक प्राण्याची तुमच्यावरची माया ही ० ते २५५ मधली एक लपलेली संख्या असते. २५५ का? संगणकाच्या एका बाइटमध्ये मावणारी ती सगळ्यात मोठी संख्या आहे, इतकंच. १९९८च्या ‘पोकेमॉन यलो’मध्ये पिकाचू तुमच्या मागे मागे चालायचा, वळून त्याच्याशी बोललं की त्याचा मूड कळायचा. पुढच्या गेममध्ये काही प्राणी माया पुरेशी वाढल्याशिवाय मोठेच होईनात. बरोबर चाललात की आकडा वाढतो, लढाईत बेशुद्ध पडू दिलंत की उतरतो. आणि स्वस्तातलं झाडपाल्याचं कडू औषध पाजलंत तरी उतरतो! लहानपणी ज्याने ज्याने काढा प्यायलाय त्याला हा हिशेब समजावून सांगायची गरज नाही.

ही वही दाखवायची की लपवायची, यावर गेम बनवणाऱ्यांची मतं निरनिराळी आहेत. ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’ने (२००९) ती उघडी ठेवली. उणे १०० ते अधिक १०० असा पट्टा आणि भेटवस्तू दिली की तो वर सरकतो. मॉरिगन ही जादूगार गोरगरिबांना फुकट मदत केली की नाक मुरडते. मग तिच्या हातावर एखादा दागिना ठेवायचा, की गाडी रुळावर. याला मैत्री म्हणवत नाही. टेबलाखालून पाकीट सरकवण्याशी त्याचं नातं जवळचं आहे. पण याच गेममध्ये, याच मॉरिगनच्या बाबतीत, मला सगळ्यात आवडलेली भेटवस्तूही आहे. ती बोलता बोलता सांगते की लहानपणी तिने एका श्रीमंत बाईच्या गाडीतून सोनेरी आरसा चोरला होता आणि आईने तो जमिनीवर आपटून फोडला. पुढे कुठेतरी दुकानात तसाच आरसा विकायला दिसतो. तो नेऊन दिला की ही तिखट बाई गडबडते. दागिन्याने वाढतो तोच आकडा आरशानेही वाढतो, फक्त आरसा द्यायचा तर तिचं बोलणं ऐकलेलं असावं लागतं. पुढच्या भागात (२०११) पट्ट्याच्या एका टोकाला मैत्री आणि दुसऱ्या टोकाला चुरस ठेवली. सतत वाद घालणारा सोबतीही त्यामुळे दूर न जाता वेगळ्या वाटेने जवळ येऊ लागला. ज्यांचा जिवलग मित्र राजकारणावर रोज भांडतो त्यांना हे जास्त खरं वाटेल.

‘बाल्डर्स गेट ३’ (२०२३) हा गाजलेला गेमही पडद्याच्या कोपऱ्यात दाखवतो की तुमचं वागणं अमक्याला पटलं, तमक्याला पटलं नाही. गेम उत्तम आहे, पण त्या ओळीने माझं नुकसान केलं. मी मनातलं उत्तर द्यायचं सोडून कोण खूश होईल ते बघून बोलायला लागलो. ‘पर्सोना’ मालिकेतल्या तिसऱ्या गेमपासून (२००६) वापरलेली युक्ती मला जास्त शहाणी वाटते. तिथे कॅलेंडर आहे, दिवस मोजके आहेत. आजची संध्याकाळ एका मित्राबरोबर घालवली तर दुसऱ्याला नाही म्हणावं लागतं. जो वेळ दुसरीकडे गेला असता तो इथे दिला, म्हणून नात्याला वजन येतं.

बोलण्याचं तंत्रही थोडक्यात सांगतो. सोबती प्रसंगाला धरून बोलतो तेव्हा त्याला समजलं असं वाटतं. ‘लेफ्ट ४ डेड’ (२००८) या गेममध्ये चार माणसं झाँबींशी लढतात आणि सारखी काहीबाही बोलत असतात. मागे नियमांची मोठी यादी असते. समजा एक नियम म्हणतो: जखमी असेल तर कण्ह. दुसरा म्हणतो: जखमी असेल, मित्र जवळ असेल आणि आपण दवाखान्यात असू तर अमुक टोमणा मार. ज्या नियमाच्या जास्तीत जास्त अटी जुळतात तो जिंकतो. जमलं की वाटतं, काय नेमकं बोलला! ‘द वॉकिंग डेड’ने (२०१२) याहून स्वस्तात काम भागवलं. क्लेमेंटाइन नावाच्या आठ वर्षांच्या मुलीसमोर तुम्ही काही बोललात की कोपऱ्यात ओळ यायची, क्लेमेंटाइनच्या हे लक्षात राहील. पुष्कळदा पुढे त्याने फारसं काही बदलत नसे. पण लहान मुलासमोर जीभ आवरायला तेवढी ओळ पुरते.

आता पुन्हा अ‍ॅट्रियसकडे, कारण सोबती मोठा होताना इतका बारकाईने मी दुसरीकडे पाहिलेला नाही. २०१८च्या या गेमच्या सुरुवातीला बाप त्याला शिकारीला नेतो. पोरगं घाईत हरणावर बाण सोडतं आणि चुकवतं. बाप खवळतो: मी सांगेन तेव्हाच सोडायचा. आता गंमत बघा. गेममध्ये चौकोनाचं बटण दाबलं की अ‍ॅट्रियस बाण मारतो. म्हणजे बापाची ताकीद आणि कंट्रोलरचा नियम ही एकच गोष्ट आहे. बापाला तिथली लिपी वाचता येत नाही, मुलाला येते, त्यामुळे भिंतीवर काही कोरलेलं दिसलं की क्रेटोसला बाजूला होऊन पोराला पुढे करावं लागतं. लढून मिळवलेले गुण स्वतःवर खर्च करायचे की मुलाच्या तिरंदाजीवर, हेही तुम्हीच ठरवता. मी आधी सगळे स्वतःवर उडवले. पुढे त्याचे बाण वाढले, तो न सांगता शत्रूच्या मानेवर उडी मारायला लागला, तेव्हा आपली चूक कळली. होडीतून जाताना गोष्टी चालू असतात. काठ आला की गोष्ट तुटते, आणि पुन्हा होडीत बसलं की सोडली तिथून सुरू होते. एवढ्याशा गोष्टीने दोघांच्यात दिवस गेल्यासारखे वाटतात. बाप एकदा मुलाच्या पाठीवर हात ठेवायला जातो आणि मध्येच मागे घेतो. ते एकही बटण न दाबता दिसतं, पण तोवर आपण इतका वेळ त्या हाताने कुऱ्हाड चालवलेली असते की तो हात आपलाच वाटतो.

मग मुलगा आजारी पडतो. बाप त्याला उचलून एका जाणत्या बाईकडे नेतो आणि औषधासाठी मुलाला मागे ठेवून मेलेल्यांच्या थंडगार लोकात जातो. तिथे पहिली लढाई सुरू झाली आणि माझा अंगठा सवयीने चौकोनावर गेला. बाण आला नाही. पुन्हा दाबलं. नाही. गेमने कुठलीही सूचना दिली नव्हती, करुण संगीत वाजवलं नव्हतं. एक बटण मेलं होतं, बस.

ही जागा नीट समजली की बाकीचं बरंच उलगडतं. आधी कित्येक तास एखादी कृती दोघांनी मिळून करायची, इतकी की तिचा विसर पडावा. मग एकदाच ती मोडायची. ‘द लास्ट ऑफ अस’मध्ये उंच भिंत आली की जोएल पाठ टेकून हाताची ओंजळ करतो, एली धावत येते, पाय ठेवते, वर चढते आणि शिडी खाली सोडते. हे गेमभर चालतं, शेवटी कंटाळाही येतो. हिवाळ्यात जोएल जखमी असताना तुम्ही एलीच खेळता, आणि तिच्यावर फार वाईट गुदरतं. वसंतात पुन्हा जोएल. भिंत येते, बटण दाबता, जोएल ओंजळ करून उभा राहतो, आणि कुणीच येत नाही. मागे एली कुठेतरी हरवल्यासारखी बसलेली आहे. हाक मारावी लागते. त्या मुलीच्या मनाचं काय झालंय ते एका कंटाळवाण्या कसरतीच्या नसण्यातून कळतं. ‘फायनल फँटसी ७’मध्ये (१९९७) एरिथ ही सोबतीण मारली जाते तेव्हाही हेच. दृश्य दुःखद आहेच, पण नंतरच्या लढायांत जखमा भरणारी ती जागा रिकामी असते.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ (२०२०) खेळताना मला याची उलट बाजू जाणवली. राजीचा धाकटा भाऊ गोलू सुरुवातीलाच पळवला जातो आणि ती त्याला शोधत निघते. गेम देखणा आहे, दुर्गा आणि विष्णू वरून बोलत असतात तेही झकास. पण गोलूबरोबर माझे तास गेलेले नव्हते, त्यामुळे तो मला गोष्टीत आठवला, हातांना आठवला नाही.

आपला मेंदू या बाबतीत फारच उदार आहे. १९४४ साली फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी एक छोटी चित्रफीत दाखवली होती. एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण, एक वर्तुळ, आणि उघडझाप होणारं दार असलेला एक चौकोन. काय दिसलं ते लिहा म्हटल्यावर एका व्यक्तीचा अपवाद सोडता सगळ्यांनी या आकारांची माणसासारखी, सजीवासारखी गोष्ट लिहिली: कोण गुंड, कोण घाबरलेलं, कोण कुणाला वाचवतंय. त्रिकोणाला गुंड ठरवणारा मेंदू एलीपुढे काय टिकणार? ‘पोर्टल’ (२००७) बनवताना एक अडचण होती. एका खोलीत खेळणाऱ्यांनी खोका शेवटपर्यंत बरोबर न्यायचा होता आणि ते तो मागेच विसरत. मग खोक्यावर गुलाबी बदाम काढला, त्याला सोबती घन असं नाव दिलं, आणि यंत्राच्या आवाजात सूचना दिली की हा बोलणार नाही, बोललाच तर त्याचा सल्ला ऐकू नका. पुढे तो तुमच्याच हाताने भट्टीत टाकायला लावतात. लोक एका खोक्यासाठी हळहळले. त्या खोक्यात बुद्धिमत्ता शून्य होती.

म्हणूनच सोबत्याला आणखी हुशार केलं की जीव जास्त लागेल, या हिशेबावर माझा विश्वास नाही. कधी कधी तर ऐकेनासा केला तर लागतो. उएदाच्याच ‘द लास्ट गार्डियन’मध्ये (२०१६) ट्रिको नावाचा घराएवढा प्राणी आहे, थोडा मांजर, थोडा पक्षी. तुम्ही वर चढ म्हणता आणि तो कान खाजवतो. दुसरीकडे बघतो. हुंगत बसतो. मग मन झालं की उडी मारतो. पुष्कळांना हा गेम अर्ध्यात सोडावासा वाटला, आणि पहिल्या संध्याकाळी मीही वैतागलो होतो. पण त्याच्या अंगात रुतलेले भाले उपसायचे, त्याला खायला शोधून आणायचं, लढाईनंतर बिथरलेला असला की मानेवर चढून थोपटायचं, हे करता करता लक्षात येतं की तो आपलं ऐकतो तेव्हा त्याने ते ठरवलेलं असतं. हुकमाचा ताबेदार असता तर तो नुसती शिडी झाला असता.

अ‍ॅट्रियसही बरा होतो. मग बाप त्याला खरं सांगतो, की आपण देव आहोत. पोराच्या डोक्यात हवा जाते. हरलेल्या शत्रूला बापाने नको म्हटलेलं असताना मारतो. सांगेन तेव्हाच बाण सोडायचा, हे ऐकत वाढलेला मुलगा पुढे एकदा बापावरच बाण सोडतो.

दोन दिवसांनी आईने पुन्हा विचारलं, "उठलं का रे ते पोर?"

"उठलं. पण आता उलट बोलायला लागलंय."

"मग बरं झालंय म्हणायचं," ती म्हणाली, आणि मेथीची जुडी सोडायला घेतली.